टाळूवरचं तेल

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि नातीची आंघोळ माझ्याकडे आली. बाळाच्याच आंघोळीसाठी ती गरम पाण्याची बादली उचलत होती. मोरीत पाय घसरला आणि सगळा भार मनगटावर आला. मालिश करणारी बाई घरच्या लग्नासाठी आधीच गावी गेली होती. लेक बाळंतपणाला आलेली. धडधाकट हात असे माझेच उरले.

मी जबलपूरला रिछाईतल्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बेअरिंग, नट-बोल्ट, वेल्डिंग रॉड, हातमोजे, कुठल्या फळीवर काय आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं. नवं काम अंगावर आलं की मी आधी यादी करतो. याही कामाची केली आणि फ्रिजवर चिकटवली. टॉवेल दोन, एक अंथरायला आणि एक गुंडाळायला. लंगोट, झबलं, कुंची आधी उन्हात. पाणी कोपराने बघणे. खिडकी बंद. बायकोने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, “यात बाळ कुठं लिहिलं हाय?”

मालकाशी बोलून सकाळी उशिरा येण्याची परवानगी घेतली. त्या बदल्यात संध्याकाळी सगळे गेल्यावरही थांबायचं. जानेवारीचा महिना होता. परत येताना स्कूटरवर बोटं आखडून जायची. घरी आलो की लंगोट धुणं, बायकोची वेणी घालणं, तिला जेवायला वाढणं, औषधांच्या वेळा. त्या दिवसांतलं काहीही आठवायला बसलो की सगळ्यात आधी तो थकवाच आठवतो. अंग दुखत नव्हतं, पण खुर्चीत बसलो की पुन्हा उठायचं मनात यायचं नाही, आणि उठावं तर लागायचंच.

आंघोळीची पद्धत बायकोने शिकवली. पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर लांब करायचे, नडग्यांवर बाळाला पालथं घ्यायचं आणि एका हाताने तांब्याने पाणी घालायचं. ती दारात स्टूल टाकून बसायची, प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत, आणि तोंडाने आंघोळ घालायची.

“अहो, काहून इतका हात कापून राहिला तुमचा? ते काय काचेचं सामान हाय?”

“काचेचं असतं तर इतका कापला नसता,” मी म्हणालो.

शेजारच्या भाभी वाटी परत करायला आल्या आणि मला तसा पाय पसरून बसलेला पाहून दारातच थांबल्या. “भाईसाहब,” त्या म्हणाल्या, “हमारी बहू का भी अप्रैल में है। अभी से बुक कर लें आपको?” बायको इतकी हसली की तिचा हात दुखायला लागला. लेक मात्र आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. बाळंतीण आहे, पडली असेल, असं समजलो.

आंघोळ झाली की टाळू भरायची. बायकोचं माहेर वर्ध्याकडचं. तिच्या आईने तिची भरली, तिने आमच्या लेकीची भरली. डोक्याच्या मधोमध जिथे हाड जुळलेलं नसतं, जिथे बाळाचा श्वास चालल्यासारखी कातडी वरखाली होते, तिथे कोमट तेल बोटाने मुरवायचं, वर कुंची बांधायची. आणि त्या जागेवर पाणी घालायचं नाही. अंगाला हवं तेवढं पाणी, डोक्याच्या कडेने ओला हात, पण टाळू कोरडी. टाळूवर पाणी पडलं की गारठा थेट आत शिरतो, असं तिच्या घरी सगळ्या मानत आल्या होत्या. तेल मात्र वर्ध्याचं नव्हतं. तिकडे खोबरेल लावतात. जबलपूरच्या थंडीत खोबरेल बाटलीत दगडासारखं होतं, म्हणून मालिशवाल्या बाईने आणलेलं मोहरीचं तेल आमच्या घरात आलं आणि तेच पुढे चालू राहिलं. मीही चालू ठेवलं. यादीत लिहिलं होतं, टाळू, तेल, कुंची.

रोजचं तेल रोज कालच्या तेलावर बसत गेलं. आधी थोडा कोंडा दिसला. मग पिवळट, चिकट खपल्या. मग त्या एकात एक मिसळून डोक्याच्या मध्यावर एक जाडसर थर झाला, त्यात जावळाचे केस अडकलेले. जवळ घेतलं की जुन्या तेलाचा वास यायचा. भुवयांमध्येही पांढरे कण दिसायला लागले. नातीला त्याचं काही नव्हतं. ती पीत होती, झोपत होती, पंख्याकडे बघून हसत होती.

त्रास झाला तो तिच्या आईला. बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी डोकं बघायचा आणि मग आईकडे बघायचा. भाभींनी विचारलं, अचार वगैरह तो नहीं खाया? बायको म्हणाली मेथीचे लाडू जास्त झाले असतील, गरम पडले. वाईट हेतूने कोणीच बोलत नव्हतं. पण लेकीने लोणचं सोडलं. मग लाडू सोडले. मग वरण, मग दूध, मग वांग्याची भाजी, कारण वांगं कोणीतरी कुठेतरी वाईट म्हटलं होतं. शेवटी ती नुसता मऊ भात आणि त्यावर चमचाभर तूप एवढ्यावर आली. मी जेवण वाढत होतो म्हणून मला ते कळलं. पातेल्यात उरतं किती, यावर माझी नजर असतेच.

एका रविवारी दुपारी मी गच्चीवरचे कपडे काढून खाली आलो तर ती पलंगाच्या कडेला बसली होती. बाळ मांडीवर झोपलेलं आणि ही आपल्याच उजव्या हाताकडे बघत होती. बाळाच्या डोक्यावर, टाळूच्या अगदी जवळ, एक लाल ठिपका होता. तिने नखाने खपली काढायचा प्रयत्न केला होता. खपली निघाली, तिच्याबरोबर केसांचा पुंजका निघाला आणि खाली रक्त दिसलं. मोहरीएवढं होतं.

“बाबा, मी तिचं डोकं फोडलं,” ती म्हणाली. रडत नव्हती. हिशेब सांगावा तशी सांगत होती.

मी ओल्या कापसाने ते टिपलं. पुन्हा आलं नाही. तिला दाखवलं. तिने मान हलवली. त्या दिवसापासून तिने बाळाच्या डोक्याला हात लावणं बंद केलं. पाजताना मान दंडावर घ्यायची आणि तळहात लांब धरायची. कुंची मी बांधायची. ती झोपलेली असली आणि बाळाची कुंची सरकली तर मला हाक मारायची, मी कितीही दूर असलो तरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही राइट टाउनमधल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायको घरी थांबायला तयार नव्हती, म्हणून ऑटोत सगळेच कोंबून बसलो. डॉक्टरीणबाईंनी कुंची सोडली, उजेडात डोकं फिरवून बघितलं, भुवया बघितल्या, मानेच्या आणि काखेच्या वळ्या बघितल्या. मग तेल कोणतं लावता असं हिंदीत विचारलं.

“सरसों का,” बायको म्हणाली. “हमारे यहाँ तो नारियल का लगाते हैं जी, पर ठंड में जम जाता है।”

“और धोते कब हैं?”

मी लेकीकडे बघितलं, लेकीने आईकडे. मग बायकोच म्हणाली, “तालू पे पानी नहीं डालते।”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हे पुष्कळ बाळांना होतं, त्यांनी सांगितलं. डोक्याच्या कातडीतून तेल जास्त सुटतं, खपल्या धरतात, काही महिन्यांत आपोआप जातं. वरून घातलेलं तेल न धुता ठेवलं की थर वाढत जातो, आणि मोहरीचं तेल बाळाच्या कातडीला झोंबतं. थोडं खोबरेल कोमट करून लावा, काही वेळ राहू द्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने सैल करा, बाळाच्या शांपूने धुऊन टाका. जे सुटेल ते सुटेल, नखाने काढू नका. लाल होऊन पसरलं, चिघळलं, तर लगेच दाखवा. टाळूखाली जाड पडदा असतो, धुतल्याने काही होत नाही. मी सगळं पावतीच्या मागे उतरवून घेतलं.

मग त्या लेकीकडे वळल्या. “दूध में कोई दोष नहीं है। घर जाकर पेट भर खाना खाइए।” आणि तिचं बोट धरून त्यांनी टाळूवर टेकवायला नेलं. लेकीने हात मागे ओढला. इतक्या जोरात की टेबलावरचा टॉर्च खाली पडला.

परतीच्या ऑटोत ती म्हणाली, “मी तिकडे नाही जात एवढ्यात. तिथं डोकं कोण धुवेल हिचं?”

तिकडे म्हणजे कटनीच्या पुढे एका छोट्या स्टेशनवर, जिथे जावई रेल्वेत आहेत. दोन खोल्यांचं क्वार्टर, पाळ्यांची नोकरी, शेजार तुरळक. त्यांची आई नागपूरला अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ. तिथे बाळ असेल आणि ही असेल, बस. जावयांनी भिंतींना चुना लावून घेतला होता, गरम पाण्याचा रॉड घेतला होता, पाळण्याचे हूक ठोकून त्याचे फोटो पाठवले होते. पुढच्या आठवड्यात ते न्यायला येणार होते.

“राहू दे न मग,” बायको म्हणाली. “काय घाई हाय? आम्ही आहोत न.”

लेकीने माझ्याकडे बघितलं. मलाही ती राहायला हवीच होती. पण एवढ्यात नाही म्हणजे केव्हा? टाळूचं हाड जुळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर ती आपल्याच मुलीच्या डोक्यापासून हात लांब धरून बसली असती आणि तिकडे नव्या चुन्याच्या खोलीत एक माणूस रिकाम्या पाळण्याशेजारी डबा उघडून जेवला असता. मी म्हणालो, आधी ब्रश आणू.

ब्रशसाठी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काढून दिलेला प्रत्येक ब्रश मी स्वतःच्या पापणीवर फिरवून बघितला. माल तपासायची दुसरी पद्धत मला सुचेना. तो शेवटी म्हणाला, “भैया, बच्चे के लिए ले रहे हो या काजल लगाना है?” त्याचं बरोबर होतं. पण एक ब्रश पापणीला बोचला नाही, तो घेतला.

पहिल्या दिवशी खोबरेलची वाटी गरम पाण्यात ठेवून विरघळवली, लावली आणि वाट बघितली. मग पायांवर बाळ घेऊन बसलो तेव्हा माझ्या यादीतली चूक लक्षात आली. एका हाताने मान धरायची, दुसऱ्याने ब्रश चालवायचा, शांपू डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरायचा आणि तांब्याने पाणी घालायचं. तिसरा हात लागत होता. बायकोचा प्लास्टरमध्ये होता, आणि नसता तरी टाळूवर पाणी घालायला तिने तो दिला असता की नाही, सांगता येत नाही. ती स्टूलवर ताठ बसून होती, तोंड मिटून. तिचं तोंड मिटलेलं मला त्या महिन्यात तेवढंच एकदा दिसलं.

लेक टॉवेल घेऊन दारामागे उभी होती.

“बेटा, मान धर,” मी म्हणालो. “डोकं नाही. फक्त मान.”

ती आली. उकिडवी बसली. मान धरली. मी ब्रश फिरवला. खपल्या भिजलेल्या पापडासारख्या मऊ होऊन कडेने सुटायला लागल्या. नात आधी चिडली, मग तिला ते आवडलं असावं, डोळे मिटून घेतले तिने. मी पाणी घातलं तेव्हा बायकोने मान फिरवली. लेकीने फिरवली नाही.

दुपारी कारखान्यात मी एवढंच ठरवलं. माणसाला सबंध काम एकदम दिलं की तो घाबरतो, आणि तुकडा दिला तर करतो. नव्या हेल्परला मी पहिल्या दिवशी सगळ्या फळ्या कधीच दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी मान धरणं लेकीचं आणि तेल कोमट करणंही तिचं. मग तेल लावणं, आधी कडेने, कानांच्या मागे. ते तिने दोन बोटांनी केलं, गरम तव्याला हात लावावा तसं. मग भुवया. ब्रश मी तिच्या हातात दिला तेव्हा तिने तो तसाच धरून ठेवला, आणि मी मुद्दाम लंगोट आणायला आत गेलो आणि मुद्दाम वेळ लावला. परत आलो तर ब्रश चालत होता, टाळूला वळसा घालून, रस्त्यातला खड्डा चुकवल्यासारखा. बायको स्टूलवरून म्हणाली, “अव, तिथं पण. तिथंच तर जास्त हाय.” तिच्या तोंडून हे आल्याचं तिलाच नवल वाटलं असावं, कारण लगेच तिने भाभींच्या सुनेचा विषय काढला.

जेवणही परत येत होतं. वरण आधी आलं. एके दिवशी तिने स्वतः उठून बरणीतून लोणचं घेतलं, कोणाकडे न बघता.

पण टाळूवर पाणी घालणं तिला जमेना. तिथे आली की तांब्या माझ्याकडे. मी दोनदा म्हटलं, तू घाल. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. रात्री यादीसमोर उभा राहिलो. यापुढे त्यातून काही निघण्यासारखं नव्हतं. थकलोही होतो. तिने राहायचं म्हटलं तर राहू दे, असं मनात येऊन गेलं. आणखी वर्षभर उशिरा कामावर जाऊ, मालकाचं तोंड बघू, लंगोट धुऊ. सवयीचं झालं होतं. नातीला पायावर घेतलं की तिचे तळवे माझ्या पोटाला लागायचे, ते संपेल असंही मनात येऊन गेलं.

जावई येण्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात स्टॉकची मोजणी निघाली. ती मी ठरवलेली नव्हती. मालकाने त्याआधीच्या संध्याकाळी फोन करून सांगितलं की सकाळी लवकर, सगळ्या फळ्या. मी लेकीला जाऊन सांगितलं.

“मग उद्या आंघोळ राहू दे,” ती म्हणाली.

“राहू दे,” मी म्हणालो. “नाहीतर घाल.”

सकाळी निघालो तेव्हा सगळे झोपले होते.

मोजणीत माझं लक्ष नव्हतं. एकच पेटी परत परत मोजत होतो. मी घरी फोन केला नाही. केला असता तर तिने काय करू ते विचारलं असतं, आणि मी सांगितलं असतं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा बायकोचाच आला.

“सगळं उलटं केलं तिनं,” ती म्हणाली. “आधी शांपू घातला, मग ब्रश. पाणी इतकं घेतलं की मोरी तुंबली. टॉवेल उन्हात ठेवायचा विसरली. हिंदी गाणं म्हणून राहिली होती पूर्ण वेळ. मी म्हटलं हात नको कापू, तर म्हणते आई तू बाहेर बस.”

“आणि टाळू?”

“टाळूवर घातलं की पाणी. तांब्याने नाही, ओंजळीने. ओंजळ भरून भरून.” मग म्हणाली, “मी नंतर बोटभर तेल ठेवायला गेले. तर माझा हात धरला. आई, आता नको, वाळू दे म्हणे.”

“मग?”

“मग काय? नाही ठेवलं.”

पलीकडून बाळाचा आवाज येत होता, आणि लेकीचा, गाण्यात तेच तेच दोन शब्द.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा पाय ओढत चाललो होतो. बॅग भरलेली होती. खोबरेलची बाटली आणि ब्रश बॅगेच्या वरच्या खणात होते; माझ्या पद्धतीने ठेवले असते तर ते खाली गेले असते, सांडायला नको म्हणून. मी ते तसेच राहू दिले. नातीला उचललं. डोकं उघडं होतं, जावळ सुटं, साबणाचा वास. मधला थर जवळजवळ गेला होता. मागच्या बाजूला, मानेच्या वर, बोटभर पट्टा राहिला होता, पिवळा, कडेने सुटलेला. माझं बोट तिकडे गेलं. कोमट तेल लावून आत्ता बसलो असतो तर निघाला असता.

“मागचं राहिलं आहे बाबा, माहीत आहे मला,” लेक म्हणाली. ती बाळाचे मोजे शोधत होती. “झोपली मध्येच. ते तिकडे गेल्यावर काढीन.”

तिने बाळ माझ्याकडून घेतलं, एका हाताने बुडाखाली आणि दुसरा हात सबंध पसरून डोक्यावर, टाळूसकट. मी हातपाय धुवायला मोरीत गेलो. मोरी अजून तुंबलेलीच होती.